बसते म्हणून बसवावे काय?

म्हैसूरहून नंजनगूडकडे निघाले म्हणजे शहराची शेवटची घरे मागे पडतात, त्या सुमारास रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर-दुरुस्तीचे एक जुने वर्कशॉप लागते. गेल्या हिवाळ्यातील एका शनिवारी माझी स्कूटर नेमकी तेथेच बंद पडली. शेजारच्या दुकानात ती दुरुस्तीस देऊन मी त्या वर्कशॉपच्या आवारात, एका पालथ्या घातलेल्या डब्यावर, दोन तास बसून काढले. कचेरीत आठवडाभर कागदांशी झुंजणाऱ्या माणसाला लोखंडाशी झुंजणाऱ्या माणसांकडे पाहत बसणे ही एक विश्रांतीच असते. परंतु त्या दिवशी मला जे ऐकावयास मिळाले, त्याने विश्रांती तर दिली नाहीच, उलट सहा वर्षे मनाच्या तळाशी दडपून ठेवलेली एक गोष्ट पुन्हा वर आणली.

कबिनीच्या कालव्याखालील एक शेतकरी आपला जुना ट्रॅक्टर घेऊन आला होता. ट्रॅक्टर वयाने त्याच्यापेक्षा फारसा लहान नसावा. सोबत त्याने मोडीच्या बाजारातून एक लोखंडी पाते आणले होते. हे पाते मूळचे एका मालमोटारीच्या पुढे बसविलेले, रस्त्यावरील माती लोटण्याचे. थंड देशांतून रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारण्यासाठी मालमोटारींच्या तोंडाशी अशीच वक्र पाती लावतात, आणि तिकडील शेतकरीही जुनी झालेली पाती घेऊन आपल्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरांना जोडतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण खाचरात साचलेला गाळ आहे, उंचसखल जमीन आहे. हे पाते ट्रॅक्टरच्या पुढे बसवून द्यावे, एवढीच त्या शेतकऱ्याची मागणी होती. पात्याच्या पट्टीवरील भोके आणि ट्रॅक्टरच्या तोंडावरील भोके जवळजवळ जुळत होती, आणि बोल्टही त्याने बरोबर आणले होते. अर्ध्या तासाचे काम, असे त्याचे म्हणणे.

मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या घातल्या, हातोडीने पुढच्या भागावर हलकेच ठोकून पाहिले आणि कन्नडमध्ये एकच प्रश्न विचारला, “पेट्टु यारिगे बीळुत्ते?” म्हणजे, फटका कोणाला बसणार?

शेतकरी गोंधळला. मीही गोंधळलो. पाते बसते की नाही हा प्रश्न होता. फटक्याचा काय संबंध? पुढे चहा पिता पिता मिस्त्रींनी थोड्या कन्नडात आणि थोड्या दखनी हिंदीत मला जे समजावून दिले ते असे.

मालमोटारीला सांगाडा असतो. पोलादाच्या दोन लांब तुळया या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात आणि एंजिन, गिअरबॉक्स, चालकाची खोली, सारे त्या तुळयांवर बसविलेले असते. पाते या तुळयांनाच जोडलेले असते, म्हणून पात्याला बसलेला धक्का सांगाडा सोसतो. ट्रॅक्टरला असा सांगाडा नसतो. १९१७ साली निघालेल्या फोर्डसनपासून जी रचना रूढ झाली, तीत एंजिनचा बिडाचा ठोकळा, त्यामागे गिअरबॉक्स, त्यामागे मागच्या आसाचे घर, अशी ओतीव खोकी एकामागे एक बोल्टांनी जोडलेली असतात. तीच त्याची हाडे आणि तेच त्याचे पोट. पुढचा आस ज्या बिडाच्या आधारावर तोललेला असतो तो एंजिनाला मोजक्या बोल्टांनी अडकविलेला. बीड दाब उत्तम सोसते, पण वाकणे त्याला ठाऊक नाही. वाकण्याची वेळ आली की ते तडकते. शिवाय अशा ट्रॅक्टरच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांशच भाग पुढच्या चाकांवर येईल अशा बेताने तो बांधलेला असतो. त्या आधारावर मालमोटारीचे पाते लटकावले आणि ते जमिनीत दडलेल्या दगडाला अडले, तर सगळा हिसका त्या चार-सहा बोल्टांवर आणि त्यांच्यामागच्या जुन्या बिडावर येतो. भोके जुळली म्हणजे जोड जुळला, असे नव्हे.

मालमोटारीचे पाते तयार करणाऱ्याने आणखी एक तजवीज केलेली असते, तिच्याकडेही मिस्त्रींनी माझे लक्ष वेधले. पात्यामागे जाड स्प्रिंगा असतात. बर्फाखाली दडलेला दगड किंवा गटाराचे झाकण आडवे आले की पात्याची खालची कड मागे सरते, माथा पुढे झुकतो, पाते अडथळ्यावरून निघून जाते आणि स्प्रिंगा त्याला पुन्हा उभे करतात. पाते वाकते म्हणून गाडी वाचते. हे ज्याने घडविले त्याला ठाऊक होते की, जे दिसत नाही त्यावर आपण आदळणारच आहोत. शेतकऱ्याने आणलेल्या पात्याच्या स्प्रिंगा मोडीवाल्याने केव्हाच काढून विकल्या होत्या.

येथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

आमची थोडी जमीन कागल तालुक्यात, दूधगंगेच्या काठी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला, तेव्हा आमच्या मळीच्या रानात पाणी कित्येक दिवस उभे राहिले आणि ओसरताना गाळाचा जाड थर मागे ठेवून गेले. मी नुकताच बदलून म्हैसूरला आलो होतो. दादांचा फोन आला, की गाळ काढायला मोठे यंत्र भाड्याने आणायचे तर ताशी दर परवडत नाही, आणि सगळ्या गावाला ते एकाच वेळी हवे आहे. मी येथे पंख्याखाली बसून तोडगा सुचविला: आपला आजोबांच्या वेळचा ट्रॅक्टर आहेच, त्याच्या पुढे एखादे जुने पाते बसवून घ्या, पैसे मी पाठवितो. दादा थोडे कचरले. ट्रॅक्टर जुना आहे, म्हणाले. मी जरा वरच्या स्वरात म्हणालो, “दादा, लोक काय काय जोडून घेतात आणि तुम्ही अजून विचारच करता आहात!” पैसे मी त्याच रात्री पाठविले.

पाते बसले. दोन दिवस काम झकास चालले. तिसऱ्या दिवशी गाळाखाली गेलेला जुन्या बांधाचा दगड पात्याला लागला. पुढचा आधार तडकला, ट्रॅक्टरने नाक टेकले आणि चालविणारे मामा सुकाणूवर आदळले. मामा म्हणजे आमच्याकडे तीस वर्षे काम केलेले गृहस्थ, ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिल्या. दोन बरगड्या आणि उजवे मनगट मोडले. बरगड्या सांधल्या. मनगट सांधले, पण पूर्वीसारखे वळेना. त्या हाताने त्यांना पुन्हा ट्रॅक्टर चालविता आला नाही.

त्यानंतर जे झाले ते आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. जोडकाम करणारा म्हणाला, मालकांनी सांगितले तेथे मी बसविले. दादा म्हणाले, कारागिराला कळायला हवे होते, आणि हा आग्रह काही माझा नव्हता. मी म्हणालो, निदान मनाशी म्हणालो, की मी दूर होतो, मी फक्त पैसे पाठविले. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या टेबलापुरते खरे होते. टिपणी लिहिणाऱ्याने केवळ प्रस्ताव मांडलेला असतो, सही करणाऱ्याने केवळ टिपणीवर विश्वास ठेवलेला असतो, अंमल करणाऱ्याने केवळ हुकूम पाळलेला असतो. कागद पूर्ण निर्दोष असतो आणि मनगट तेवढे वाकडे राहते. मामांच्या औषधपाण्याचा खर्च मी केला आणि त्या खर्चाच्या पावत्यांबरोबर तो विषयही फाइलबंद केला.

पतंजलींनी योगसूत्रांत हिंसेचा विचार करताना तिचे तीन भेद सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि नुसते अनुमोदन दिलेली. तिन्हींचे फळ दुःखच, असा त्यांचा निर्णय आहे. हिंसा हा शब्द माझ्या प्रकरणी मोठा वाटेल. कोणाचेही मन दुष्ट नव्हते. परंतु या वर्गीकरणाचे मर्म मला दुष्टपणात दिसत नाही. कर्माची साखळी लांबली म्हणून कर्त्याचे कर्तेपण पातळ होत नाही, हे त्यात सांगितले आहे. तीन हातांतून गेलेला धक्का पोहोचतो तेव्हा तो एकतृतीयांश झालेला नसतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. असा विचार करीत बसले तर कोणी कधी काही जोडणारच नाही. जे ज्याच्यासाठी घडले तेथेच ते राहावे, असा नियम केला तर गरिबाने करावे काय? नवे यंत्र त्याला परवडत नाही. जुन्याला जोड देऊनच त्याचा संसार चालतो. मोटारसायकलने नांगरट करावी असे कोणत्याही कारखान्याच्या मनात नव्हते, पण गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी बुलेटच्या मागच्या चाकाच्या जागी दोन चाकांची जोडणी करून तिला शेतीची अवजारे लावली, आणि बैल परवडेनासे झालेल्या शेतकऱ्यांना एक वाट मिळाली. आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती आणि नांगर पडून राहिले. ‘जुने ते तसेच राहू द्या’ या वृत्तीचा विजय झाला असता, तर किर्लोस्करवाडीही उभी राहिली नसती आणि या कर्नाटकात हरिहरला किर्लोस्करांचा लेथचा कारखानाही निघाला नसता. तेव्हा जोडकामाला विरोध हे माझे म्हणणे नव्हे. परमुलखात नोकरी करणारे आपण स्वतःच तर एक जोडकाम आहोत, एका मातीत घडलेले आणि दुसऱ्या मातीत बसविलेले.

प्रश्न जोडावे की न जोडावे हा नाहीच. जोडताना आधी काय पाहावे, हा आहे. आपण ‘बसते का?’ एवढेच पाहतो. मिस्त्री ‘फटका कोणाला?’ हे पाहतात. पहिला प्रश्न वस्तूंचा आहे आणि दुसरा माणसांचा.

यंत्रांच्या इतिहासातही खरे शहाणपण या दुसऱ्या प्रश्नातून आले आहे. प्रारंभीच्या ट्रॅक्टरांमागे नांगर नुसता साखळदंडाने ओढला जाई. नांगर खडकाला अडकला आणि चाके फिरत राहिली, की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो मागे उलथे आणि चालक खाली सापडे. हॅरी फर्ग्युसन याने नांगर आणि ट्रॅक्टर तीन सांध्यांनी असे जोडले, की नांगराचा ओढा ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलण्याऐवजी जमिनीवर दाबून धरी. १९३९ पासून फोर्डच्या कारखान्यातून हे ट्रॅक्टर निघू लागले आणि आज जगभरच्या ट्रॅक्टरांच्या पाठीशी तेच तीन सांधे आहेत. अवजार जोडण्याची सोय म्हणून आपण त्यांच्याकडे पाहतो. पण अडथळा आला तर चालकाचे काय होईल, हा विचारही त्यांत गोवलेला आहे.

आपल्या म्हैसुरात तर या प्रश्नाचे दर्शन दर विजयादशमीला घडते. सुमारे ७५० किलो वजनाची सोन्याची अंबारी हत्तीच्या पाठीवर चढते आणि राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत पाच किलोमीटर जाते. ती पाठीवर बसते, एवढ्यावर तेथे कोणी थांबत नाही. आधी कित्येक आठवडे हत्तीच्या पाठीवर वाळूची पोती लादतात, वजन हळूहळू वाढवितात, मग लाकडी अंबारी चढवून तालीम घेतात. जाड गाद्या अशा बांधतात की भार कण्यावर न येता दोन्ही अंगांवर विभागावा. साठी उलटलेल्या हत्तीला अंबारी देत नाहीत. २०१२ पासून २०१९ पर्यंत अंबारी वाहणारा अर्जुन याच कारणाने त्या मानातून निवृत्त झाला आणि २०२० पासून अभिमन्यू ती वाहू लागला. तोच अर्जुन ४ डिसेंबर २०२३ रोजी सकलेशपूर तालुक्यात, रानहत्तींना पकडण्याच्या मोहिमेत, एका रानहत्तीशी झालेल्या झुंजीत मरण पावला. ती बातमी आली त्या दिवशी या शहरातील अनोळखी माणसेही एकमेकांशी हळू आवाजात बोलत होती. मी कोणाला दोष देत नाही. तो अधिकार मला नाही आणि ज्ञानही नाही. एवढेच मनात येते, की वयाचा नियम आपण अंबारीपुरता केला. नियम वस्तूचे नाव घेतो, आणि भार तर नाव बदलून येतो.

आता मिस्त्रींनी काय केले ते सांगतो. त्यांनी पाते नाकारले नाही. ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंनी, पोटाखालून, पोलादी पट्ट्यांच्या दोन लांब भुजा त्यांनी मागच्या आसाच्या घरापर्यंत नेल्या. पाते त्या भुजांच्या पुढच्या टोकांना जोडले. पुढचा भाग फक्त पाते उचलण्यापुरता आधार देईल, लोटण्याचा जोर त्यावर येणार नाही, अशी मांडणी. गेलेल्या स्प्रिंगांच्या जागी दुसऱ्या बसविल्या. एका सांध्यात मुद्दाम हलका बोल्ट घातला, की स्प्रिंगांनाही न पेलणारा हिसका आला तर तेवढा बोल्ट तुटावा. त्याच मापाचे चार बोल्ट शेतकऱ्याच्या हाती दिले आणि बजावले, की हा तुटला तर हाच घालायचा, त्याच्यापेक्षा भक्कम घालायचा नाही. मागे वजन बांधायला सांगितले. काम अर्ध्या तासाऐवजी चार दिवसांचे झाले आणि शेतकऱ्याने तोंड वाकडे करीत का होईना ते मान्य केले.

मी विचारले, भुजा इतक्या मागे कशाला नेल्या? ते सहज म्हणाले, “जोर मागच्या चाकांतून निघतो, सार. मग फटकाही तेथेच परत जायला हवा.”

एवढे बोलून ते कामाला लागले. त्यांना हे एक साधे कसबाचे सूत्र वाटत होते. मला मात्र तो एक नीतीचा नियम वाटला, आणि माझ्यावरचा निकालही. आमच्या गाळाच्या प्रकरणी जोर कोठून निघाला होता? माझ्या पैशांतून आणि माझ्या वरच्या स्वरातून. फटका मात्र ज्याच्याकडे जोरही नव्हता आणि निर्णयही नव्हता अशा माणसाच्या मनगटाला बसला. आम्ही जोड असा केला होता, की धक्का माझ्यापर्यंत परत येण्याची वाटच नव्हती. मी दूर होतो हे मी निर्दोषत्वाचे कारण म्हणून सांगत आलो. वस्तुतः तोच दोष होता.

जेथे आज्ञा देणारा एकीकडे आणि धक्का खाणारा दुसरीकडे असतो, तेथे आज्ञा हळूहळू बेफिकीर होते. हे दुष्टपणाने होत नाही, ते रचनेनेच होते. ज्याला दगड लागत नाही त्याला दगड असतो हेच खरे वाटत नाही. म्हणून चांगली जोडणी ती, जीत सांगणाऱ्याला फटक्याचा काही भाग जाणवतो. आणि जेथे काही ना काही तुटणे अटळ आहे, तेथे एखादा हलका बोल्ट आधीच ठरवून ठेवलेला असतो: थोडे पैसे, थोडा वेळ, आपली थोडी प्रतिष्ठा. माणसाचे मनगट हा कोणत्याही योजनेतील हलका बोल्ट असता कामा नये. परंतु आपल्या किती योजनांत तोच असतो! तो स्वस्त असतो, मागे पुष्कळ उभे असतात आणि तुटताना फारसा आवाज होत नाही.

सोमवारी मी कचेरीत गेलो तेव्हा माझ्या टेबलावर एक प्रस्ताव पडून होता. आमच्या विभागातील एक जागा रिकामी झाली होती आणि तिचे काम ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे द्यावे, अशी टिपणी मला तयार करावयाची होती. नियमात ते बसत होते. वेतनश्रेणी जुळत होती, अनुभव जुळत होता, पूर्वीचे दाखलेही होते. सगळी भोके जुळत होती. शुक्रवारी मी ती टिपणी मनातल्या मनात लिहूनही टाकली होती. आता लेखणी अडली. या गृहस्थांना संगणकावरील नव्या कामाची सवय नाही. मुदती चुकतील, विचारणा येतील आणि चाळीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटी त्यांच्या सेवापुस्तकात एखादी कडू ओळ पडेल. फटका कोणाला बसणार, हे मला पूर्ण ठाऊक होते. टिपणीत त्यासाठी रकाना नव्हता, इतकेच.

मी काही मोठा पराक्रम केला नाही. कारकुनाला पराक्रमाची जागा फार थोडी असते. टिपणीत मी दोन वाक्ये अधिक लिहिली: अतिरिक्त काम देण्यापूर्वी त्यांच्याकडील अमुक काम काढून घ्यावे, आणि ते काम व नव्या कामाच्या मुदतींची जबाबदारी माझ्याकडे द्यावी. वरिष्ठांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत आणि सही केली. गेले दोन महिने मी संध्याकाळी तासभर उशिरा घरी जातो. कुटुंबाची कुरकुर आहे आणि ती योग्य आहे. हा माझा हलका बोल्ट.

या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा मामांकडे जाऊन बसलो. इतकी वर्षे मी त्यांची प्रकृती विचारीत असे, त्या दिवशाबद्दल मात्र कधीच बोलत नसे. या वेळी म्हणालो, “मामा, ते पाते बसवायचा हट्ट माझा होता. दादांचा नव्हता.” ते बराच वेळ आपल्या उजव्या मनगटाकडे पाहत राहिले. मग डाव्या हाताने माझ्यापुढे चहाची बशी सरकवीत म्हणाले, “मला ठावं होतं की रं. पर तू म्हणशील कवा, त्याची वाट बघत हुतो.”